जोडपत्र सात

शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात.
ओबदूलियाला ती चढताच येत नव्हती.
पोन्तेवेद्राच्या त्या इमारतीला सतरा पायऱ्या,
लिफ्टच्या दारावर ‘बंद आहे’ची पिवळी पडलेली चिठ्ठी.
चौथ्या पायरीवर ती थांबली, मला म्हणाली,
पोरी, हेही लिहून घे.
मी वकिलांकडे टायपिंग करते.
लिहून घेतलं.

तिचं गाव खाडीच्या तोंडाशी.
चाळीस वर्षं ओहोटीच्या वाळूत गुडघे टेकून
दाताळ्यानं तिसऱ्या उकरल्या तिनं.
फेब्रुवारीत, उजाडायच्या आत, वळणावर
पावाची व्हॅन घसरली
आणि तिच्यावर आली.
रस्त्यावर पाव, टोपली, ती.
व्हॅन चालवणारा शूर्शो, बेकरीवाल्याचा भाचा, एकोणीस वर्षांचा.
त्यानं आपला कोट तिच्या डोक्याखाली ठेवला होता.
तो कोट कुठल्याच कागदात नाही.

कायद्याकडे एक तक्ता असतो.
मोडलेल्या प्रत्येक गोष्टीला गुण, शाळेत देतात तसे,
फक्त इथे ज्याला जास्त, त्याचं जास्त वाटोळं.
सरकारी डॉक्टरांनी व्रणाला पट्टी लावली,
अकरा सेंटिमीटर,
आणि विचारलं, स्कर्ट घालता?
ती म्हणाली, रबरी विजार.
रबरी विजारीला रकाना नव्हता.

‘अपघातामुळे जे करता येत नाही ते’
असं फॉर्मवर छापलेलं, खाली तीन ओळी मोकळ्या.
तिनं एकच शब्द सांगितला: टेकणं.
देवापुढे का? वकिलांनी आशेनं विचारलं.
देवापुढे मी उभीच असते, मला घाई असते.
वाळूत.

मग विमा कंपनीनं आणली फिल्म.
समोरच्या इमारतीतून कोणी तरी चोरून काढलेली,
चार मिनिटांची.
ओबदूलिया चालतेय. काठी नाही. काखेत पाव.
(त्याच बेकरीतला. गावात दुसरी आहे कुठे?)
तिसऱ्या मिनिटाला ती धक्क्याच्या कठड्याशी थांबते,
दोन्ही हात दगडावर, समुद्राकडे तोंड,
आणि बराच वेळ तशीच.

बघा, कंपनीचे वकील म्हणाले, निवांत.
देखावा बघतायत.

आमच्या वकिलांनी टेबलाखालून माझ्या पायाला पाय लावला.
उत्तर आयतं होतं:
गुडघ्यात कळ आली, म्हणून थांबले.
खरंही होतं ते, अर्धंमुर्धं.
न्यायाधीश बाईंनी चष्मा काढला.
तुम्ही काय बघत होतात?

ओबदूलिया म्हणाली,
ओहोटी होती. बायका मोजत होते.
नेहमी एकवीस असतो.
वीस भरल्या.
परत मोजल्या.

कोर्टात खुर्ची करकरली कुणाची तरी.
मागच्या बाकावर शूर्शो
बुटाच्या नाड्या बघत बसला होता.
मला टाइप करायचं होतं, आणि बोटं
शून्यावरच अडकून राहिली.

निकाल आला जूनमध्ये.
रक्कम वाईट नव्हती, चांगलीही नव्हती,
तेवीस गुण आणि वर काही दिवसांचे पैसे,
दुखण्याचे दिवस वेगळे, बरं होण्याचे वेगळे,
जणू एखाद्या सकाळी घंटा वाजते
आणि एक संपून दुसरं सुरू होतं.
वकिलांनी आपला वाटा घेतला. मला एक पाकीट दिलं.

सप्टेंबरात ती ऑफिसात आली, पिशवी घेऊन.
पिशवीत किलोभर तिसऱ्या.
माझ्यासाठी.
बाजारातून आणल्यात, ती म्हणाली,
आणि ‘बाजारातून’ हा शब्द
तिनं चिमटीत धरून, दुसऱ्याचा रुमाल परत करावा
तसा टेबलावर ठेवला.
जन्मात पहिल्यांदा विकत घेतल्या गं.
ही पावती. फाइलला लाव.

म्हटलं, मावशी, फाइल बंद झाली.
म्हणून काय झालं?

जोडपत्रं सहापर्यंत होती.
वरच्या कोपऱ्यात मी सात घातला.
पावती ओलसर आहे अजून,
पिन गंजेल बहुतेक.