पाव सहा

गाडी लावली सव्वासहाला, घड्याळ बघून.
रॉनी फाटकाशी उभा, पाच-चौदापासून,
थर्मासमधली कॉफी संपलेली, कान लाल.
काल तोच म्हणाला होता, क्वार्टर सिक्स.
पाव आणि सहा.
म्हणजे सव्वासहाच ना, भाऊ?
नाही. त्याच्या गावी
सहाव्या तासाचा पाव हिस्सा भरला की पाव सहा,
आपले सव्वापाच.
आणि पाऊण सहा म्हणजे पावणेसहा,
ते मात्र मला न शिकवता कळलं.

हेनिंग मागच्या सीटवर हसत होता.
म्हणाला, भटू, माझंही असंच झालं होतं
पहिल्या वर्षी, ह्याच माणसापायी.
पण तुमची भाषा तर एकच ना?
एकच, हेनिंग म्हणाला.
रॉनी काच खाली करून पठाराकडे बघत राहिला.

दोघे पंखे दुरुस्त करायला आलेले, पाच महिन्यांसाठी.
हेनिंग ब्रेमेनचा, रॉनी माग्देबुर्गचा.
नकाशावर बोटाने मोजलं,
साक्री ते रावेर, फार तर तेवढंच.

रॉनी सकाळी प्रत्येकाशी हात मिळवतो.
वॉचमन, झाडणारी कमलबाई,
शिडीवर चढलेल्या पोराला खाली बोलावून त्याच्याशीही.
हेनिंग दारातूनच
सगळ्यांना मिळून एक हात वर करतो.
त्यात त्याच्या मनात काही नसतं.

जुना नट रॉनी फेकत नाही.
लोणच्याच्या बरणीत टाकतो.
हेनिंग म्हणतो, नवा मागवू, नाशिकहून उद्या येईल.
रॉनी बरणी हलवतो,
नेमका मापाचा काढतो.
अरे हो, तुमच्याकडे असंच, हेनिंग म्हणतो,
आणि रॉनीच्या हातातला पाना
अर्धा आटा थांबतो.

कमलबाईने एकदा विचारलं, माय काय करते रे तुझी?
क्रेन चालवायची, रॉनी म्हणाला, मी पाळणाघरात.
आणि तुझी?
माझी घरीच असायची, हेनिंग म्हणाला,
आणि रॉनीकडे असा वळला
जणू सात वर्षांत हा प्रश्न
कमलबाईनेच पहिल्यांदा काढला.

धुडकूच्या ढाब्यावर शेवभाजीने नाक गळत असताना
रॉनीने बापाचा कारखाना सांगितला.
तिकडून एक साहेब आला, बॅग घेऊन,
एका नाण्याला घेतला, वर्षात कुलूप.
हेनिंग म्हणाला, पण रस्ते?
रस्ते आमच्या पैशाने झाले.
मग कोणी बोललं नाही.
धुडकूने पाण्याचा जग आणून ठेवला, उगीच,
आधीचा भरलेलाच होता.

परतताना रॉनी म्हणाला ते
मी मनात माझ्या बोलीत करून घेतलं:
मी कोठेच गऊ नही.
गाव मनं जागावरच व्हतं,
देशच ऊठीसन चालना गया.

हेनिंगने बाजारात विचारलं होतं,
निजामपूर कुठे संपतं, जैताणे कुठे लागतं?
मी म्हणालो, काही नाही साहेब, एकच आहे,
आपलं कागदावर दोन.

शेवटच्या आठवड्यात मला वर नेलं, पट्टे बांधून.
अंधार पडलेला, वारा कानात शिट्टी घालणारा.
खाली दोन्ही गावं एकात एक मिसळलेली.
रॉनीने बोट धरलं,
हवेतच एक वाकडी रेघ ओढली,
इथून इथे.
पिवळे दिवे एका पंचायतीचे, पांढरे दुसरीचे.
बर्लिनवरून विमान गेलं की असंच दिसतं, म्हणाला.
हेनिंगने वाकून पाहिलं.
खरंच, म्हणाला, आणि बराच वेळ वाकलेलाच राहिला.

पांढरे त्यांचे, मी सांगितलं.
निवडणुकीच्या वर्षी निधी ओढला त्यांनी,
आमचे अजून तेच जुने.

'त्यांचे' म्हणालो, हे मला
उतरताना लक्षात आलं,
साठाव्या की एकसष्टाव्या पायरीला,
पाय खाली चाचपत असताना.