समोरचा दात

गुदैबियात, दुसऱ्या मजल्यावर,
डॉक्टर अच्चम्मा कुरियननी एक्स-रे उजेडाला धरला
आणि म्हणाल्या, हा जाणार.
म्हटलं, बाई, याच्यावर माझं घर उभं आहे.
त्यांना वाटलं, आमच्याकडची म्हण असेल काहीतरी.

म्हण नव्हती.
टेनर सॅक्सोफोनचं तोंड वरच्या दातांवर टेकतं,
खालचा ओठ मुडपून बोरूच्या पत्तीखाली, गादीसारखा.
एकोणतीस वर्षं मी असाच
चावून धरलाय महिन्याचा पगार.

वडील सनई वाजवायचे, नगारखान्यात.
मी त्यांच्या डाव्या हाताला बसून सूर धरायचो.
एकच स्वर. गाल फुगवून, नाकानं श्वास घेत,
आरती संपेपर्यंत तुटू द्यायचा नाही.
चाल त्यांची, फिरणं त्यांचं.
मी म्हणजे जमीन.

पुढे म्हापशात एका मेस्तानं
कागदावरचे काळे ठिपके वाचायला शिकवले,
म्हणाला, बत्तीस बार लिहिलंय तसं वाजव,
पुढचे बत्तीस तुझे.
माझे?
तेवीस वर्षांचा होतो.
तोवर कोणी कशालाच माझं म्हटलं नव्हतं.

बहारीनच्या पहिल्या व्हिसावर पेशा होता:
सुतार, मदतनीस.
विमानतळावर पेटी उघडायला लावली.
शिपाई बघत राहिला. हे लाकूड?
आता गंमत अशी, की अंगभर पितळ असूनही
जाणकार याला लाकडी वाद्यांतच बसवतात,
त्या एका पत्तीपायी.
म्हणजे खोटं तसं नव्हतंच.
पण हे अरबीत कसं सांगणार? मी घाम पुसला.

हूरातलं हॉटेल, तळमजला, नऊ ते एक.
लोक जेवतात. कोणी ऐकत नाही
याचं आधी वाईट वाटतं, मग मोकळं वाटतं.
कॉजवे ओलांडून दर गुरुवारी दम्मामहून एक इसम यायचा,
आंब्याचा रस मागवायचा,
माझा तिसरा सोलो झाला की उठून जायचा.
एका गुरुवारी मी तिसरा वाजवलाच नाही.
तो बसून राहिला, बंद होईपर्यंत.
नाव विचारायचं राहून गेलं.

ऑगस्टात दाराबाहेर पाऊल टाकलं की
पेटीला आतून घाम, पॅड फुगलेले.
रमजानात महिनाभर बंद.
मी कपाटात तोंड घालून, इस्त्रीच्या शर्टांमध्ये,
खर्जातले स्वर घोटायचो.
पलीकडच्या खोलीतला रॉदेल म्हणायचा,
भिंतीत म्हैस आहे.
तो ड्रमवाला. त्याचं काम पुढे
कीबोर्डातल्या एका बटणानं केलं.

आणि आता, अठ्ठावन्नाव्या वर्षी,
आदलियातून बोलावणं:
चौघांचा संच, वाढदिवसाची गाणी नाहीत,
फर्माईश नाही, हवं तितकं लांब वाजवा.
चण्यांची ती म्हण आई सांगायची.
मी ती पुरी करत नाही.

तिसऱ्या खेपेला बाई म्हणाल्या, वाद्य घेऊन या.
गळ्यात कागदी लाळेरं, डोक्यावर तो दिवा,
खुर्ची अर्धी आडवी.
फुंकलं. नवा दात डगमगला, हवा बाजूनं सुटली.
त्यांनी केसभर घासला.
पुन्हा. शिट्टी नुसती.
पुन्हा घासला. बाहेर कोणाचं तरी मूल रडायला लागलं.
चौथ्या वेळी काही बोलल्या नाहीत,
माझी हनुवटी दोन बोटांनी एवढीशी उचलली
आणि खालचा सा आला.
आला तो आलाच.
मी त्याला हलवलं नाही, सजवलं नाही,
नाकानं श्वास घेत धरून बसलो,
कितीतरी वेळ, डावीकडे सरकून,
उजवीकडे कोणालातरी जागा ठेवल्यासारखा.

रिसेप्शनच्या मुलीनं दार वाजवलं.
बाई हातमोजे काढत म्हणाल्या, गाणं कुठलं हे?
गाणं नाही, म्हटलं. अजून सुरू व्हायचंय.

पंच्याऐंशी दिनार, तीन हप्त्यांत.
काढलेला दात मी पत्त्यांच्या डबीत ठेवलाय,
अडीच नंबरच्या शेजारी.
कस्टमवाला विचारेल तेव्हा बघू.