दोन किलो

पर्समध्ये छत्री, स्टॅम्पपॅड, ॲसिडिटीच्या गोळ्या
आणि एक दोन किलोचं लोखंडी वजन.
बाबांच्या रेशन दुकानातलं.
तळाशी शिसं, शिशावर शिक्के,
दरवर्षी वजनमापवाला येऊन ठोकून जायचा.
दुकान गेलं, परवाना गेला,
तराजू भावाने भंगारात दिला.
वाटणीत मला एवढंच.
पट्ट्याने खांद्याला वळ उठतो.

भांडुपच्या टेकडीवर माझ्या चोवीस अंगणवाड्या.
वरून तक्ता आलाय: तुलना करा,
शंभरपैकी गुण द्या,
एक आदर्श निवडा. बुधवारच्या आत.

एकावन्न नंबर पिठाच्या गिरणीमागे.
दहा बाय दहा, भाडं चार महिने थकलेलं.
गिरणी लागली की बडबडगीत ओरडून म्हणायचं,
थांबली की पोरांच्या पापण्या पांढऱ्या.
"म्हाताऱ्यांची शाळा भरलीय मॅडम,"
प्रमिला तांडेल हसते, पदराने एकेक तोंड पुसते.
खिचडी चमचाभर चाखायचा नियम आहे,
मी वाटीभर खाल्ली.
त्याला रकाना नाही.
काट्यावर माझं वजन ठेवलं: दोन किलो, बरोबर.
गुण चोपन्न.

सत्तेचाळीस नंबर समाजमंदिरात.
भिंतीवर हत्ती, जिराफ, गाजर,
गाजर जिराफाएवढं.
रोहिणी जगधनेंच्या रजिस्टरात
शाईसुद्धा हाताची घडी घालून बसते.
पोरं "नमस्ते मॅडम" म्हणाली
आणि मग काहीच म्हणाली नाहीत.
लाल रंगात एकही मूल नाही. तीन वर्षं सलग.
गुण एक्याण्णव लिहिले, पेन बंद केलं,
आणि मग काट्यावर वजन ठेवलं.

दोन किलो साडेतीनशे.

परत ठेवलं. फरशी बदलून ठेवलं.
रजिस्टरच्या मागच्या पानावर
प्रत्येक पोरातून साडेतीनशे ग्रॅम काढत गेले.
ओवी, रेयांश, दोन्ही जुळी, तो कान फुटलेला मुलगा.
नऊ जण हिरव्यातून पिवळ्यात आले,
दोघं पिवळ्यातून खाली घसरले.
वर पंखा फिरत होता. जिराफ बघत होता.

"काटा असाच आलाय," रोहिणीताई म्हणाल्या,
"मी दोनदा लिहून दिलं होतं."
फाइल काढली. दुसरं पत्र, मागच्या जूनमधलं.
खाली "पोचलं" आणि सही.
सही माझी.
इतकी घाईतली की आडनावाचं नुसतं शेपूट.

अडुसष्ट नंबर अगदी वर, एकशे बारा पायऱ्या.
वीज नाही, पाणी एक दिवसाआड,
संडास सत्तर पायऱ्या खाली.
हलिमाबी कोणाला तरी कडेवर घेऊन
कायम जात असते, किंवा येत असते.
इथला काटा एकोणीसशे दाखवतो.
म्हणजे इथली पोरं
कागदावर आहेत त्याहून बरी आहेत.
हे तिला सांगितलं.
ती म्हणाली, "मग लाल रंगाचं जादा पाकीट बंद होईल का?"
मी उत्तर दिलं नाही, पाणी मागितलं,
आणि खाली आल्यावर लक्षात आलं,
खांदा हलका आहे.

दुसऱ्या दिवशी आणायला गेले.
दारात अलिशबा बसलेली, पाय पसरून.
मांडीवर ओढणीत गुंडाळलेलं माझं लोखंड,
त्याच्या कडीला कोमट खिचडी लागलेली.
"हा जेवत नाही," तिने मला सांगितलं.
हलिमाबी आतून म्हणाली,
"काल तुम्ही बोललात ना, दोनचा आहे, एकोणीसशे भरतो.
तेव्हापासून बारीबारीने भरवतायत."

एका मुलाने स्वतःच्या वाटीतला शेंगदाणा काढून
ओढणीत ठेवला.
जरा विचार करून परत घेतला, अर्धा चावला,
अर्धा ठेवला.

मी तक्ता काढला. एक्याण्णववर रेघ मारली.
वर काय लिहायचं ते सुचेना.
"उद्या घेऊन जाते," म्हटलं,
आणि एकशे बारा पायऱ्या उतरताना
पर्सचा पट्टा सारखा
खांद्यावरून घसरत राहिला.