अर्थिंग

खानापुरात, स्टेशन रोडला, बेकरीच्या माडीवर माझं दुकान.
पाटी दोन भाषांत; कन्नड अक्षरं मोठी, मराठी बारीक,
'कंप्यूटर' दोन्हीकडं चुकलाय, वेगवेगळा.
पेंटर म्हणाला, असू दे की ओ,
बिघडलेला माणूस वाचून थोडाच येतोय.

गर्लगुंजीच्या शाळेतनं फोन आला:
मॉनिटर सकाळपासनं काळा पडलाय.
म्हटलं, पाठवून द्या.
दुपारच्या बसनं सातवीचा भुजंग कुंभार हजर,
डोक्याला तेल, हातात डबा,
"क्लार्क नवीन हाय, त्यानं मलाच पाठवलंय.
काय बिघडलंय ओ माझं?"
बटर खायला घालून परत धाडला.
रिपेरीच्या वहीत लिहिलं: दोष आढळला नाही.

आडतवाले चन्नाप्पा हंजी तर शिस्तीचे.
कीबोर्ड बघून चिडले, कुणी विस्कटून ठेवलंत हे?
एका रात्रीत, पेचकसानं, एकेक बटण उपसून
ए बी सी डी ओळीनं बसवली.
तेव्हापासनं गुळाच्या बिलावर
कुणाचंच नाव कुणाला येत नाही.
खरं त्यांचं एकच,
"अक्षरं सरळ हायत. मशीनच वाकडं."

भजनातले नागुर्डेकर गुरुजी.
मी म्हटलं, रॅम कमी पडतोय.
चष्मा काढून माझ्याकडं बघत राहिले.
"पोरा, राम कमी पडत नसतो. आपण पडतो."
मग चार जीबीची ती हिरवी पट्टी
कपाळाला लावून, खिशात घालून घेऊन गेले.
बसवायला अजून आले नाहीत.

हसू नका. माझंही सांगतो.

मी नवा होतो, चंदगडकडनं आलेला,
कानात कन्नड मुरलं नव्हतं.
हुक्केरीच्या सोसायटीत मशीन सुरू होईना.
उघडलं, पुसलं, सप्लाय बदलला, परत उघडलं.
झाडणारी बसव्वा दारातनं सारखी,
"स्विच हाक्री, स्विच हाक्री."
मला वाटलं, हाक मार म्हणतेय.
कुणाला? बेळगावच्या साहेबांना मारली,
फोनवरनं, तीन वेळा.
शेवटी केरसुणी भिंतीला टेकवून ती आत आली
आणि भिंतीवरचं काळं बटण खाली दाबलं.
मशीन गुरगुरलं.
हाक म्हणजे घाल, लाव.
कन्नडचा तो माझा पहिला धडा. मजुरी मागितली नाही.

आणि नंदगडच्या द्रौपदाकाकू.
पेटीला हात लावला की मुंग्या येतात म्हणून बोलावलं.
मी टेस्टर लावून बघितला आणि
चार पाहुण्यांसमोर, चहा पितापिता बोलून गेलो,
"काकू, तुमच्या घरात अर्थ नाही."

कप तिथंच राहिला.
तिसऱ्या दिवशी त्यांचे दीर माडी चढून आले.
"चाळीस वर्षं झाली, वाटणी केलेली नाही आम्ही.
चुली दोन नाहीत.
अर्थ नाही म्हणजे काय, सांगा."

सांगण्यापेक्षा खणणं सोपं.
परसात, शेवग्यापासनं चार हात लांब खड्डा,
तांब्याची पट्टी, वर कोळसा, वर जाडं मीठ, परत कोळसा.
वायर घरात नेली. मुंग्या थांबल्या.
जाताना बजावलं,
उन्हाळ्यात तिथं रोज घागरभर पाणी घाला,
कोरडं पडू देऊ नका.

काकूंनी ते मनावर घेतलं.
भोवतीनं विटा मांडल्या, कोंबड्या येऊ नयेत म्हणून
बाभळीचं झुडूप आडवं टाकलं.
परवा बाजारात गाठलं मला, हातात मेथीची पेंढी.
"तीन महिने पाणी घालूलालोय ओ,
अर्थ आत हाय, हे कळतंय.
खरं अजून एक पान नाही फुटलं.
बी तरी बरं होतं न्हवं?"