दाणापाणी

सस्कॅचवानमध्ये, रुळांच्या कडेला,
ओरेस्ट एकतीस वर्षं गहू तोलतोय.
बाह्यांत भुसा, भुवयांत भुसा,
पायाशी मुश्का, थकत चाललेली.

पिशवीवर लांडगा होता,
खाली ठळक: धान्यविरहित.
महाग. तरी दोन वर्षं तीच आणली,
लेक फोनवर म्हणाली म्हणून.

परवा डॉक्टर लिंडक्विस्टनं
पडद्यावर मुश्काचं हृदय दाखवलं.
जरा पसरलंय.
कशानं, ते नक्की सांगता येत नाही.
वाटाणे-मसुरीचं ते खाणं बदलून बघू.
कदाचित.

ते 'कदाचित' घेऊन तो निघाला.
उणे बावीस. शेजारच्या काचेवर
तिच्या श्वासाचा गोल, लहान-मोठा होणारा.

दुकानात एकीकडे तोच लांडगा,
एकीकडे तांदूळ, ओट आणि हसरं पिल्लू.
दोन्ही पिशव्या त्यानं हातांवर तोलल्या,
सवयीनं.
वजन सारखंच.

रात्री मूठभर नवं जुन्यात कालवून
वाडगा पुढे सरकवला.
तिनं हुंगलं. तोंड फिरवलं.
तो वाकला तेव्हा बाहीतून
एक गहू फरशीवर पडला,
तो तिनं चाटून घेतला

आणि त्याच्या बुटाशी बसली,
अजून पडतोय का बघत.