अर्थिंग

अ‍ॅस्ट्राची डिकी उघडी टाकून मी गुडघ्यांवर बसलोय.
ग्रिम्सबीत एप्रिल म्हणजे नुसतं नाव;
गोदीवरचा वारा बर्फाच्या पेटीतून काढल्यासारखा,
सोबत हॅडॉकचा वास, फुकट.
अ‍ॅम्प्लिफायर चालतो.
अकरा मिनिटं चालतो, कधी तीन,
कधी फ्रीमन स्ट्रीटच्या खड्ड्यापर्यंत,
आणि मग ठेका ऐन भरात असताना
कुणीतरी तोंडावर हात ठेवावा तसा गप्प.
हिरवा दिवा लाल होतो.
माहितीपुस्तिका म्हणते : संरक्षण.
कुणापासून कुणाचं, ते म्हणत नाही.

"तापत असेल," मी म्हणालो.
"हात लावून बघ," शाल्मली म्हणाली, "थंड आहे."
थंडच होता. इथे काय तापणार.

फ्यूज काढून उजेडात धरला : तार शाबूत.
गेन निम्म्यावर आणला.
स्पीकरच्या तारा सोडवल्या,
आधी डावी, मग उजवी, मग दोन्ही,
मुका करूनही बघितला त्याला.
रिमोटची निळी तार : बारा व्होल्ट, बिनतक्रार.
शेजारचा डेरेक चहाचा मग घेऊन आला,
पाच मिनिटं बघत उभा राहिला,
"माझ्या गाडीत कॅसेट आहे," म्हणाला, आणि गेला.

इचलकरंजीत आमच्या भिंतीपलीकडे सोळा माग होते.
त्या खडखडाटात आम्ही गाढ झोपायचो;
झोप मोडायची ती वीज गेल्यावर.
एवढी शांतता अंगावर पडली की आण्णा उठून बसायचे,
"काय झालं?"
मलाही तसंच होतं गाडीत.
गाणं तुटलं की आम्ही दोघंही पुढे बघतो,
वायपर बघतो, सिग्नल बघतो,
आणि काहीतरी विचारायचं म्हणून मी विचारतो,
"जेवलीस का?"
उत्तर एका अक्षराचं. तेही इंग्रजी.

शेवटी मीटर.
ती पुढे बसली, इंजिन चालू, आवाज चढवलेला.
अ‍ॅम्प्लिफायरच्या दोन टोकांवर : तेरा पॉइंट सहा.
ठोका पडला : नऊ.
तेरा. नऊ. तेरा. आठ. लाल.
मग काळ्या सुईला लांब तार जोडून
थेट बॅटरीच्या वजा टोकाला टेकवली, लाल तिथेच :
तेराच्या खाली उतरेना, कितीही बडव.
म्हणजे येतंय व्यवस्थित.
परत जायला वाट नाही.

आण्णा जॉबर होते, वायरमन नव्हेत,
पण मागाला हात लावून कुणाला झटका बसला
की ओरडायचे, "आधी अर्थ बघ रे!
अर्थ लागलाय का नीट?"
आम्ही पोरं हसायचो.
मराठीच्या बाईंनाही हेच हवं असायचं.

गालिच्याखालचा तो बोल्ट मीच पिळला होता, जानेवारीत.
खाली रंग. कंपनीचा, चंदेरी.
ओरखडा नको म्हणून वॉशर
अलगद ठेवला होता, टिकली लावावी तसा.
रंगातून वीज जात नाही, हे माहीत होतं.
माहीत असूनही माणूस जपतो.

"म्हणजे बघ," मी सुरू केलं, "माणसाचंही..."
"बाबा, नको. सँडपेपर दे."

तिनेच घासलं. नखांवरचा जांभळा रंगही गेला थोडा.
ती घासत होती तोवर मी मागांचं सांगितलं,
ऐकतेय की नाही, कळलं नाही.
उघडं लोखंड निघालं, एका नाण्याएवढं.
बोल्ट आवळताना तिने ओठ दाबले,
थेट आण्णांसारखे; त्यांना तिने पाहिलेलं नाही.
वरून मी व्हॅसलीन थापलं.
समुद्र जवळ आहे, गंज वाट बघत नाही.

क्लीथॉर्प्सपर्यंत जाऊन आलो.
खड्डा आला, रेल्वेचं फाटक आलं,
हिरवा दिवा हिरवाच. काचा थरथरत होत्या,
बोलणं शक्यच नव्हतं.
परतताना चिप्सच्या दुकानापाशी
तिने आवाज स्वतःच कमी केला, थोडासा.
"ते माग," म्हणाली, "कसे वाजायचे?"

मी डॅशबोर्डवर बोटांनी वाजवून दाखवलं.
"एवढं फास्ट?"
"फास्टच," मी म्हणालो.