गोझोचं मीठ

चौघं जाणार होतो. तिघं गेलो.
लीलाधरच्या पासपोर्टचं पोलीस व्हेरिफिकेशन
ठाण्यात या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहिलं,
आणि आम्ही भुसावळला गाडीत बसलो तेव्हा
तो डब्याबरोबर थोडा चालला, मग थोडा धावला.
काय आणू तुला?
म्हणाला, काही नको.
मग फलाट संपता संपता ओरडला :
"मीठ आना. समुद्राचं."

आमच्यात समुद्र कुणी पाहिलेला नव्हता.
हतनूरचे दरवाजे बंद झाले की जेवढं साचतं
ते आमचं मोठ्यात मोठं पाणी,
आणि त्याला पलीकडचा काठ असतो.
माल्टाच्या धक्क्यावर कल्याणीनं
अर्धा मिनिट माझी बाही धरून ठेवली.
मग सोडली, आणि केस बांधत म्हणाली, वारा फार आहे.

हॉस्टेलात आठ पलंग, एक शेगडी.
शेवभाजीच्या फोडणीनं पोलंडचा एक पोरगा
शिंकत जिन्यावरून खाली पळाला
आणि वाटी घेऊन परत आला.

कोपऱ्यावरच्या दुकानात केळी होती,
प्रत्येकीच्या पोटावर कुठल्या तरी देशाचं नाव.
कल्याणीनं अंगठ्यानं दाबून पाहिलं :
"गर भरायच्या आधी कापली. कापणाऱ्याला घाई होती."
दुकानदारीण म्हणाली, हात लावू नका.
फिरक्यांच्या पोरीला!
केळीला!

मुबारक तडवी वर्गात हजेरीपुरतं बोलतो.
मासळीबाजारात म्हातारा त्याच्या तळव्यावर
सुटे पैसे मोजत होता : वीहेत, तनेय्न, तलीता…
आणि मुबारक, ओठांतल्या ओठांत,
लहानपणी मशिदीत पाठ केलेलं,
वाहिद, इस्नान, सलासा.
दोघं एकदमच थांबले.
म्हाताऱ्यानं पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली,
आता मोठ्यानं, हमसापर्यंत,
आणि दोन मासे जास्तीचे टाकले.
रात्री मुबारक फोनवर आईला सांगत होता :
इथं आकडे आपले आहेत.

गोझो म्हणजे बेटाच्या शेजारचं धाकटं बेट.
तिथं किनाऱ्याच्या खडकात वाफे कोरलेत,
कांद्याच्या वाफ्यांएवढे, चौकोनी,
पाणी देऊन पीक नाही येत त्यांत,
पाणी आटलं की येतं.
एक बाई झाडूनं मीठ गोळा करत होती,
आमच्याकडे खळं झाडतात तशी, वाकून, न बघता.
अर्धा किलो घेतलं.
विमानतळावर पांढऱ्या पिशवीकडे बोट दाखवून
अधिकाऱ्यानं विचारलं, हे काय?
कुणासाठी, हे त्यानं विचारलं नव्हतं,
तेही कल्याणीनं सांगितलं.

परत आलो तेव्हा तापीवर थंडी उतरली होती.
लीलाधरनं पऱ्हाट्या पेटवून वांगी भाजून ठेवलेली,
बडगीत ठेचून, मिरच्या, कांद्याची पात, दाणे,
केळीची पानं पुसून मांडलेली.
पहिला घास घेतला आणि कळलं,
भरतात मीठच नव्हतं.
विसरला नव्हता. वाट बघत होता.

त्यानं चिमूट घेतली, शिंपडली, कालवलं.
आम्ही तिघं त्याच्या तोंडाकडे बघत.
"खारं हाये," म्हणाला.
अजून काय म्हणणार होता!

जेवणं झाल्यावर मागच्या खिशातून पासपोर्ट काढला.
"तुम्ही गेले, अन् चौथ्या दिवशी आला."
कोरं पान उघडलं, वर मिठाचे चार खडे ठेवले,
शिक्का बसतो तिथं, बरोबर मध्ये,
जरा वेळ बघितलं
आणि फुंकर मारली.
निखाऱ्यात ते तडतडलं.
कल्याणी म्हणाली, दृष्ट निघाली बघ.
कुणी फार हसलं नाही.

मुबारक वाळूनं बडगी घासायला बसला.
लीलाधरनं विचारलं,
पलीकडचा काठ दिसत नाही म्हणजे,
खरंच नाही?
मी सांगायला लागले, तेवढ्यात
समोरच्या काठावर कुणीतरी मोटर चालू केली
आणि तिचा आवाज पाण्यावरून
सरळ आमच्यापर्यंत आला.